तेज आलं, पण कानांना!

आधीच कबूल करून टाकते. मेडिकलसमोर रांगेत उभं राहून, सुटे पैसे देऊन, वर "पिशवी नको हो" म्हणत खाज विकत घेणारी लोणावळ्यातली पहिली बाई मी! लोकांना खाज सुटते. मी ती घरी आणली.

आता एवढा वेडेपणा केला म्हटल्यावर किस्से साठणारच. आमच्या चिक्कीच्या दुकानात संध्याकाळी ट्रे झटकले की तळाशी चुरा निघतो. दिवसभरात मुद्दाम चुरा कुणी करत नाही, सगळ्यांचं लक्ष अख्ख्या वड्यांकडेच असतं. तरी संध्याकाळी पिशवी भरते! किस्स्यांचंही तसंच बघा. आम्ही आपापलं काम नीट करत होतो. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

दुकान जुन्या हायवेला. काउंटरवर आम्ही दोघी, मी म्हणजे वैशाली आणि दुसरी अर्चना. मागं पॅकिंगला कुंदामावशी, त्या पवना धरणाच्या अंगाच्या एका वाडीतून टमटमनं येतात. आणि सगळ्यांच्या वर आमचे शेठ. शेठ माणूस चांगला, फक्त दर सीझनच्या तोंडावर त्यांना एक आयडिया येते.

ह्या वेळची आयडिया होती, चिक्कीचा बॉक्स बदलायचा. जुन्या बॉक्सवर धबधबा होता.

"धबधबा सगळ्यांच्याच बॉक्सवर आहे," शेठ म्हणाले. "आपल्या बॉक्सवर आपल्याच दुकानातली बाई पाहिजे! दिवाळी झाली की फोटो काढून घेऊ."

झालं! लग्न होऊन आले तेव्हा ह्या काउंटरला लागले, आता मुलगी कॉलेजला जाते, तरी मी तिथंच उभी. त्यात माझी जाऊ आंबीला राहते. दीर तिथं कंपनीत सुपरवायझर, घरात काचेचा टीपॉय. दर भेटीत जाऊबाई विचारतात, "वहिनी, अजून चिक्कीच का?" त्या काचेच्या टीपॉयवर माझा फोटो असलेला बॉक्स नेऊन ठेवायचा, एवढंच आयुष्यात ध्येय उरलं होतं. ठेवायचा म्हणजे जरा आपटूनच.

पण फोटोचा विषय निघाल्याबरोबर सगळं दुकान एका सुरात म्हणालं, "मग काय, अर्चनाच!"

*

अर्चना कामशेतची. परवा परवा लागलेली पोरगी, पस्तिशीची असेल. गाल कसे, तर नुकताच कुणी लाडानं चिमटा काढलाय असे. सकाळी गुलाबी, दुपारी तर विचारूच नका! आणि तिची एक लकब होती. गार पाण्याची बाटली घ्यायची आणि डोळे मिटून गालाला लावायची. मला वाटायचं, काय मेली पोज आहे! मग मीही बाटली गालाला लावायला लागले. माझ्या गालाला नुसतं पाणी लागलं.

एका रविवारी मुंबईच्या बायकांचा ग्रुप आला. चार प्रकारची चिक्की चाखली, चॉकलेटचा फज चाखला, आणि घेतलं काय, तर अर्चनाचा फोटो!

"दीदी, आपकी स्किन कितनी ग्लो करती है! एक फोटो प्लीज?"

मी पण डोक्यावरची दुकानाची टोपी सारखी केली, पदर सारखा केला आणि हसऱ्या तोंडानं पुढं सरकले. त्यातल्या एकीनं माझ्या हातात मोबाइल ठेवला.

"आँटी, आप जरा खींच दोगे?"

खींच दिया! फोटोत सगळ्या नीट आल्या. अर्चनाचं तेवढं डोकं कापलं गेलं.

हात हलला हो.

*

डबा खाऊन झाला की अर्चना पर्समधून एक कॅप्सूल काढते आणि पाठ करून गिळते, हे माझ्या लक्षात आलं. मी अगदी सहज आवाजात विचारलं, "कशाची गं?"

"अशीच हो ताई. व्हिटॅमिनची."

"अशीच" म्हणाली ना, तिथंच माझी खात्री पटली. बायका खरं गुपित कायम "असंच" मध्ये गुंडाळतात. ती हात धुवायला गेल्यावर मी रिकामं पाकीट कचऱ्यातून काढलं. हो, कचऱ्यातून. ग्लोव्हज घातलेले होते!

मेडिकलवाल्यानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. "कुणासाठी?"

"सासूबाईंसाठी," मी ठोकून दिलं.

"त्यांना सांगा, रिकाम्या पोटी अजिबात घ्यायची नाही."

सासूबाई भिंतीवर आहेत, हार घालून. त्यांना कसलं रिकामं पोट! पण मला वाटलं, रिकाम्या पोटी नको म्हणतो, म्हणजे रिकाम्या पोटी जोरात लागू पडत असणार. दुसऱ्या दिवशी चहासुद्धा न घेता एक गिळली आणि काउंटरला उभी राहिले.

थोड्या वेळानं आतून गरम वाफ आल्यासारखं झालं. मनात म्हटलं, आलं, तेज आलं! अंगात मुंग्या आल्या, मान तापली, आणि नेमके त्याच वेळी शेठ आत शिरले. माझ्याकडे बघून थबकलेच.

"वैशालीताई, आज काहीतरी वेगळं दिसतंय!"

मी लाजून खाली बघितलं. अर्चनाकडे तिरक्या नजरेनं बघितलं. शेठ आणखी जवळ आले.

"तुमचे कान एवढे लाल का झालेत? कुणी पिळले का?"

आरशात बघितलं तर गाल जिथल्या तिथं, रोजच्या रंगाचे. सगळं तेज कानांना आणि मानेला! अर्चनाला तीच कॅप्सूल गालांवर लागते, मला कानांवर. एकाच कंपनीचा माल, पण नशीब बघा! शेठनी मला बीपी तपासायला पाठवलं. बीपी एकदम नॉर्मल. हेवा मोजायचं मशीन त्या डॉक्टरकडे नव्हतं म्हणून सुटले.

*

पोटातून गालापर्यंत पोचत नसेल तर बाहेरून लावू, असं मी ठरवलं. त्या हिरव्या, पारदर्शक कॅप्सूल असतात बघा, व्हिटॅमिन ई-च्या. पदराच्या पिनेनं टोचायची आणि आतलं तेल तोंडाला चोपडायचं. मैत्रिणीची मैत्रीण करते, मोबाइलवरची बाई करते, मग मी काय कमी? सगळं जग एक लावतं, मी तीन लावल्या. डोळ्यांखाली तर दाबून लावल्या, कारण काळी वर्तुळं तिथंच आहेत.

सकाळी उठले तर जग अर्धंच दिसायला लागलं. वरची अर्धी बाजू गायब! पापण्या सुजून बटाटेवडे झालेल्या. गालांवर बारीक पुरळ, आणि खाज अशी की चिक्की कापायचा सुरा डोळ्यांसमोर आला. दूध घेऊन घरात शिरले तर आमचे हे पेपर बाजूला करून म्हणाले,

"कोण पाहिजे?"

बरं, हा टोमणा असता तर मी सोडला नसता. त्यांनी चष्मा लावला नव्हता. खरंच विचारत होते!

रजा घ्यावी तर अर्चना काउंटरवर एकटी, शेठच्या डोळ्यांसमोर एकटी! ते कसं चालेल? म्हणून दुकानात गेले आणि सरळ मागं पॅकिंगला बसले. पॅकिंगला मास्क सक्तीचा. कान झाकणारी टोपी, नाकापर्यंत मास्क. म्हटलं, आता कुणाला काय कळतंय! कुंदामावशींनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"वैशे, मास्क उलटा लावलायस."

"नाही हो मावशी, बरोबर आहे."

"न्हाई गं. डोळं सुजल्यात, मग मास्क डोळ्यावं लाव की!"

*

एवढ्यावर शहाणी झाले असते तर पुढचं झालं नसतं. पण दिवाळी जवळ येत होती, आणि अर्चना होती तशीच गुलाबी होती. मग मी व्हिटॅमिनच्या गमीज आणल्या. संत्र्याच्या चवीच्या, साखर लावलेल्या, दिसायला थेट आमच्या दुकानातली जेली! केस, नखं, कातडी, सगळ्याला एकच. घरी मुलगी हसेल म्हणून डबी दुकानात ठेवली, आणि दुकानात अर्चना बघेल म्हणून गमीज एका रिकाम्या जेलीच्या बरणीत ओतून ती बरणी मागच्या फळीवर लपवली. स्वतःच्या अकलेवर इतकी खूश होते!

आता आमच्या धंद्याची एक रीत सांगते. बॉक्सात न गेलेली, लेबल नसलेली कुठलीही गोड वस्तू दिसली की ती सॅम्पल. तुकडे करायचे आणि ट्रेमध्ये काउंटरवर ठेवायचे. हे कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप करतात. कुंदामावशींच्या हातांनी केलं.

मी चहा पिऊन आले तर एक मुंबईचे काका ट्रेसमोर उभे, डोळे मिटून चघळतायत.

"वा! ये वाला आधा किलो पॅक कर दो."

अर्चना शांतपणे म्हणाली, "सर, तो माल संपला." काका हळहळत गेले. मी ट्रे उचलून मागं पळाले आणि बघते तर काय, मागं शेठ! एका हातात बरणी, तोंड भरलेलं.

"ही नवीन जेली कुठली? चव आहे हां हिला!"

किती खाल्ल्या, विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण बरणीचा तळ दिसत होता. संध्याकाळपर्यंत शेठच्या मानेवर, दंडांवर, पोटावर पित्ताच्या ह्या एवढाल्या गांधी! एका हातानं खाजवतायत, दुसऱ्या हातानं जेलीवाल्याला फोन. "कसला रंग टाकलायस रे तू? माणसं मारायचीत का?" तो बिचारा पलीकडून शपथा घेतोय, शेठ, आपला तोच रंग आहे, तोच माल आहे. खरंच तोच होता! मी शेजारी उभी राहून शेठना टेबलफॅन लावून दिला. दुसरं काय करणार? खरं सांगितलं असतं तर बॉक्सवर पुन्हा धबधबाच आला असता.

महिनाभर आमच्या दुकानात जेली बंद होती. अर्चना मात्र त्या दिवसापासून माझ्याकडे बघून कधीमधी गालात हसायची. त्या गुलाबी गालात!

*

ह्या सगळ्यात कुंदामावशींचं एक वेगळंच प्रकरण झालं. मावशींच्या गळ्यात माळ. मटण-मासे तर सोडाच, केकसुद्धा अंड्याचा आहे का विचारून खाणार. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून मुलानं कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या. ह्या रोज देवाला नमस्कार करून एक घ्यायच्या. गुडघे राहिले तसेच, पण हातापायांना खाज सुटायला लागली. फडक्यानं घास, कडुलिंबाचा पाला लाव, काही फरक नाही.

एक दिवस गोळ्यांची बाटली दुकानात घेऊन आल्या. "वाच गं अर्चना, कशाकशाचं केल्यालं आसतं ह्ये."

अर्चनानं बारीक अक्षरं वाचली, पुन्हा वाचली आणि बाटली खाली ठेवली.

"आगं बोल की!"

"मावशी, हे... कॅल्शियम शिंपल्यांचं आहे."

"शिंपल्याचं?"

"म्हणजे समुद्रातली कालवं असतात ना, त्यांच्या शिंपल्यांची पूड."

मावशी मटकन पोत्यावर बसल्या. आम्हाला वाटलं, आता रडतात. आम्ही दोघी दोन बाजूंनी धरून समजावतोय, "मावशी, तुम्हाला कुठं माहीत होतं! देव समजून घेईल."

मावशी म्हणाल्या, "समजूत नका काडू. म्या म्हंते, येवडी वरीसभर कालवं खाल्ली, आन त्वांडाला चव म्हनून न्हाई?"

शेठनी त्यांना अंगाला खाज म्हणून दोन दिवसांची भरपगारी रजा दिली. मी पापण्या सुजवून दिवसभर पॅकिंग केलं तेव्हा मला कुणी चहा विचारला नव्हता. असो! मला मावशींचा हेवा वाटला असं मी म्हणणार नाही. तुम्हाला कळलंच असेल.

*

दिवाळीच्या आधी माझ्याच अंगावर गांधी उठायला लागल्या. काय काय घेत होते, माझं मलाच आठवेना. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे जायचं ठरवलं, पण लोणावळ्यात कुणी बघेल! म्हणून कामशेतला गेले. गाडीवरच्या बायका बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधला आणि दवाखान्याच्या बाकावर बसले. शेजारी आणखी एक तशीच, डोळ्यांपर्यंत बांधलेली.

बसल्या बसल्या मला गुळाचा वास आला. भाजलेल्या शेंगदाण्याचा आला. मला वाटलं, माझाच. दिवसभर आम्ही त्यातच असतो, साबणानं तो जात नाही. पण हा डाव्या बाजूनं येत होता! मी हळूच डावीकडे वास घेतला. त्याच वेळी ती उजवीकडे वास घेत होती.

"अर्चना?"

"अगं बाई! ताई?"

दोघींनी एकदमच स्कार्फ आणखी वर ओढले. मग तिनंच आपला सोडला. जवळून बघितलं तर गाल नुसते गुलाबी नव्हते, भाजल्यासारखे लाल होते. खाजवून खाजवून कडेला ओरखडे उठलेले.

"हा ग्लो नाही हो ताई," ती म्हणाली. "जळतं नुसतं! बाटली लावल्याशिवाय उभं राहवत नाही."

"मग घेतेस कशाला ती कॅप्सूल?"

"आधी तोंड यायचं म्हणून घेतली. मग सगळे छान दिसतेस म्हणायला लागले. घरी तर कुणी म्हणत नाही... मग सोडवेना."

ती पुढं म्हणाली, "तुमचं बरं आहे ताई. ऊन असो, धुकं असो, कढईचा धूर असो, तुमच्या तोंडाचा रंग एकच! मला तर तुमचा इतका हेवा वाटतो."

माझ्या तोंडाचा हेवा करणारी पहिली बाई भेटली, तीसुद्धा स्किनच्या दवाखान्यात! त्या भरात मी तिला गमीजचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहितीय. त्यातल्या दोन मीपण खाल्ल्या होत्या."

डॉक्टरांनी दोघींना एकदमच आत घेतलं. मी पर्स उलटी केली. पाकिटं, डब्या, कॅप्सूल, पिनेनं टोचलेल्या, न टोचलेल्या. डॉक्टरांनी सगळ्याकडे एकदा बघितलं.

"दुकान टाकताय का?"

मग त्यांनी एकेक समजावलं. कॅप्सूलनं तोंड-कान तापतात ती खरं तर अ‍ॅलर्जी नाही, त्या व्हिटॅमिनचा जास्त डोस झाला की तसं होतं. पापण्या सुजल्या त्या तेलानं. आणि गांधी उठतायत त्या कदाचित गमीजमधल्या रंगानं, कदाचित आणखी कशानं, एवढा बाजार एकदम घेतल्यावर सांगणार कसं? सगळं बंद! आणि आधी रक्त तपासून या.

रिपोर्ट आल्यावर पुन्हा गेलो, ह्या वेळी एकाच स्कूटीवर. अर्चनाच्या रक्तात लोह कमी निघालं, तिला गोळी लिहून मिळाली. माझा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "तुमच्यात काहीच कमी नाही."

"नीट बघा ना डॉक्टर. थोडं तरी काही कमी असेल."

"नाही. तुम्हाला काहीही नको."

बघा! तिथंसुद्धा तिचीच निवड झाली!

*

बाहेर येऊन आम्ही वडापाव खाल्ला आणि ठरवलं. आता एकही कॅप्सूल नाही, गमी नाही. जशी तोंडं आहेत तशी घेऊन फोटोला उभं राहायचं आणि शेठ ज्या बाईला घेतील ती बाई. एकमेकींच्या हातावर टाळी दिली.

फोटोच्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं आणि आरशात बघितलं. रोजचाच रंग. ऊन असो, धुकं असो. म्हटलं, एकच घेऊ. आजच्या दिवसापुरती! पर्सच्या तळाशी एक उरली होती. आणि गालांवर थोडं तेल, अगदी एकाच कॅप्सूलचं.

दुकानात पोचेपर्यंत कान पेटले होते आणि हनुवटीवर पुरळ आलं होतं. आत शिरले तर अर्चना बाटली गालाला लावून उभी. नुसती लालबुंद! दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

तळेगावचा फोटोवाला पांढऱ्या छत्र्या, दिवे उघडून बसला होता. "मॅडम लोक, पाच मिनिटांत रेडी व्हा!" आम्ही दोघी मागं पळालो, फजचा मोठा फ्रिज उघडला आणि दोघींनी आत तोंडं घातली. मी वरच्या कप्प्यात, ती मधल्या.

"तुम्ही घेतलीत ना?" मधल्या कप्प्यातून आवाज आला.

"तू?"

"अर्धीच."

"कॅप्सूल अर्धी कशी घेतात गं?"

त्यावर मधल्या कप्प्यातलं तोंड आणखी आत गेलं. तेवढ्यात कुंदामावशी आल्या. "चला बायांनो, त्येचं लाइट बगून झालं. बोलीवतोय."

आम्ही तोंडं पुसत पुढं गेलो तर शेठनी आणखी एक आयडिया काढलेली. "नुसता चेहरा नको. टोपी, मास्क, ग्लोव्हज, एप्रन, सगळं घालून उभ्या राहा. आजकाल गिऱ्हाईक स्वच्छता बघतं!"

एवढं खाजवलं, एवढं सुजवलं, आणि शेवटी मास्क! आधी मी उभी राहिले, मग अर्चना. हातात चिक्कीचा ट्रे, फक्त डोळे दिसतायत. मास्कच्या आत खाज सुटलेली आणि हात ट्रेला अडकलेले. डोळ्यांत पाणी आलं, तर फोटोवाला म्हणतो, "वा, काय एक्स्प्रेशन!"

बॉक्स छापून आले. एकच फोटो. टोपी, मास्क, आणि मधे दोन हसरे, शांत डोळे. शेठ बॉक्स हातात धरून ज्याला त्याला दाखवत होते. "ह्या डोळ्यांत बघा! विश्वास आहे!" कुणाचे डोळे, विचारलं तर म्हणाले, "आपल्या दुकानातल्या बाईचे!" त्यांनी कॉम्प्युटरवर दहा-बारा फोटोंतून एक निवडला होता, त्यांनाही माहीत नव्हतं.

मला मात्र बघता क्षणी कळलं. माझेच! त्याच रविवारी बॉक्स घेऊन आंबी गाठली. काचेच्या टीपॉयवर ठेवला. जाऊबाईंनी उचलला, निरखला आणि म्हणाल्या, "अय्या वहिनी, तुम्ही! डोळे बघूनच ओळखलं!" तो आवाज, ते वाक्य! चहाला त्या दिवशी चवच वेगळी होती. कान लाल झाले, गोळी न घेता.

सोमवारी दुकानात येते तर अर्चना सांगतेय, "आमच्या आईनं बॉक्स शोकेसमध्ये ठेवला. म्हणाली, माझ्या पोरीचे डोळे मी ओळखणार नाही का!"

"तुझे?"

"मग कुणाचे?"

आठवडाभर हेच. भुवया मोजून झाल्या. पापण्यांचे केस बघून झाले. मोबाइलवर फोटो मोठा करून झाला. दवाखान्यातली मैत्री, एका स्कूटीवरची मैत्री, फ्रिजमधली मैत्री, सगळी वितळायला आली. फोटोवाला फोन उचलेना. शेवटी आम्ही बॉक्स घेऊन मागं गेलो. कुंदामावशी त्याच बॉक्सांच्या ढिगात बसून एकेक भरत होत्या.

"मावशी," मी बॉक्स त्यांच्या तोंडासमोर धरला. "तुम्ही दोघींना रोज बघता. एकदाच काय ते खरं सांगा. ही मी आहे की अर्चना?"

मावशींनी मान वर केली नाही. हातातला बॉक्स भरला, झाकण लावलं.

"दोगीबी न्हाई. तुमी फिरीजमदी त्वांड घालून बसलावता, तवा त्यानं लाइट बगाया मला उबी केलती. सर गं जरा, पट्टी मारायचीय."